डफावरचा छातीचा फोटो

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "रेहानाताई, भंगारातून वाद्यं बनवण्याचा तुमचा प्रवास लिहा. जरा प्रेरणादायी होऊ द्या." मी विचारलं, "कोणाला प्रेरणा द्यायची आहे?" तर म्हणाले, "वाचकांना." वाचकांना कशाची प्रेरणा हवी आहे, भंगार विकत घ्यायची? तरी त्यांनी फोन ठेवला नाही, हा त्यांचा मोठेपणा. आणि प्रवास म्हणाल, तर अकोल्याच्या एका गल्लीत, चार माणसं उभी राहिली की दार झाकलं जाईल एवढ्या दुकानात, मी एकतीस वर्षं एकाच स्टुलावर बसले. एवढाच माझा प्रवास.

दुकान अब्बांचं. पेटी, ढोलकी, तबला, डफ, काहीही दुरुस्त करून मिळेल. माझे दोन्ही भाऊ या धंद्याला नाक मुरडून मोटारपंपांच्या वाइंडिंगकडे गेले. मी लहानपणापासून अब्बांशेजारी बसून तबल्याची शाई घोटत असे. त्यांची नजर गेली तेव्हा हात माझे आणि कान त्यांचे असं काही वर्षं चाललं. मग ते गेले आणि कानही माझेच उरले. गिऱ्हाईक यायचं आणि विचारायचं, "मिस्त्री कुठी गेले?" मी म्हणायची, "मिस्त्री मीच." तो वाकून बघायचा, आत आणखी कोणी लपलंय का. "मंग येतो" म्हणून जायचा आणि संध्याकाळी तीच फाटकी ढोलकी घेऊन मान खाली घालून परत यायचा. तबल्याला नीट शाई बसवणारा हात आसपास दुसरा नव्हता. अशा वेळी मी त्याला मुद्दाम अर्धा तास बसवून ठेवत असे. हे काही चांगलं नाही, पण खरं आहे.

भंगाराचं म्हणाल, तर मला त्याचं काडीचं प्रेम नव्हतं. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. बोअर कोरड्या जात होत्या. रोज पेपरात अकोला-अमरावती दोन्ही जिल्ह्यांतल्या गावांची नावं यायची, आणि ती कशासाठी यायची ते सगळ्यांना माहीत आहे. गावोगावची भजनी मंडळं, भीमगीतांची मंडळं फुटकी वाद्यं दुकानात आणून ठेवायची आणि न्यायला यायची नाहीत. शिसमाचं खोड आणि बकरीचं चांगलं कातडं आता कोणाला झेपत नव्हतं. पण गाणं थांबलं नव्हतं. लोक परातीवर, तेलाच्या पिप्यावर ठेका धरून गात होते. ते ऐकून माझा कान दुखायचा. पिपा म्हणजे ढोलकी नव्हे. मग मी ठरवलं की भंगारवाल्याकडूनच सामान आणायचं, पण वाद्य मात्र वाद्यासारखं करायचं.

बाहेरच्या माणसाला म्हणून सांगते. बोअर मारताना वरच्या मऊ मातीत जाड पाइप उतरवतात, त्याला केसिंग म्हणतात. बोअर कोरडी गेली की उरलेले तुकडे भंगारात येतात. तो पाइप शेकून दोन्ही तोंडं जरा आवळली की ढोलकीचं अंग तयार होतं. डफासाठी रंगाची वीस लिटरची बादली घ्यायची आणि वरचा चार बोटं काठ कापायचा. ताण द्यायला सायकलच्या चाकातल्या जुन्या तारा. त्यांच्या टोकाला आटे असतातच, पान्याने पिळलं की सूर चढतो. आणि वरून मढवायला दवाखान्यातल्या एक्स-रेच्या जुन्या फिल्मा. फिल्म पावसाळ्यात कातड्यासारखी ढिली पडत नाही. आवाज कोरडा, खणखणीत, बायकांच्या गळ्याखाली फार छान बसतो.

फिल्म मढवायच्या आधी मी ती धुवायची. कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात सोडली की वरचा काळा थर सुटतो आणि हातात निळसर, आरपार पान राहतं. खरं तर न धुताही ती तशीच वाजते, सुरात काही फरक पडत नाही. पण त्यावर कोणाची तरी छाती असते, कोणाचा मोडका हात असतो. त्यावर थापा मारायच्या हे मला पटत नसे. म्हणून धुवायचीच, हा माझा नियम. शेवटी सगळ्याला लाल ऑइलपेंट आणि कडेनं हिरवी पट्टी. माझ्या गिऱ्हाइकांना भंगार रोज घरी दिसायचं. त्यांना डफ हवा होता.

शिकल्यासवरलेल्यांना मात्र भंगारच हवं असायचं. एकदा बडनेऱ्याहून एका शाळेच्या बाई आल्या. शाळेत 'टाकाऊतून टिकाऊ' प्रदर्शन होतं आणि त्यांना पंचवीस खुळखुळे हवे होते. रिकाम्या बाटल्या त्या स्वतःच देणार होत्या. रिक्षातून खोकी उतरली, तर आत पाण्याच्या नव्याकोऱ्या, सीलबंद बाटल्या. बाईंनी माझ्या दुकानासमोर एकेक बाटली उघडून गटारीत ओतायला सुरुवात केली. त्या वर्षी अकोल्यात नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी येत होतं. गल्लीतल्या बायका हंडे, तपेली घेऊन धावल्या. बाई त्यांच्यावरच चिडल्या, म्हणाल्या, "अहो, गर्दी करू नका, मला उशीर होतोय." त्या खुळखुळ्यांना पुढे बक्षीस मिळालं. पर्यावरणाचं.

अशी माणसं बघून माझी जीभ कडू झाली असं लोक म्हणतात. पण ज्या माणसाविषयी आज लिहायचं आहे त्याच्यापुढे त्या बाई बऱ्या होत्या. त्यांनी नुसतं पाणी सांडलं.

हिवरखेडच्या सुगंधाबाई माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्या फुटकी ढोलकी घेऊन. मजुरी करणारी बाई, माझ्याच वयाची, आवाज असा की दुकानातल्या टांगलेल्या तारा झणकायच्या. त्यांच्या वस्तीत आठ बायकांचं गाण्याचं मंडळ होतं. बुद्धजयंतीला, चौदा एप्रिलला, नामकरणाला, मयताच्या पुण्यानुमोदनाला त्या गात. मी त्यांना केसिंगची ढोलकी करून दिली. त्यांनी ती मांडीवर घेतली, दोन थापा मारल्या आणि म्हणाल्या, "आपा, हे तं माह्या सासऱ्याच्या ढोलकीपेक्षा चांगली बोलते." माझ्या कामाला मिळालेली शाबासकी म्हणाल तर मी एवढीच लक्षात ठेवली आहे. बाकीच्या ढालीबिली भाच्याकडे आहेत.

दोन वर्षांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा हातात प्लास्टिकची मोठी पिशवी होती. पिशवीत तीन फिल्मा.

"डफ करून द्या," म्हणाल्या. "सामान म्याच आनलं."

मी एक फिल्म उजेडात धरली. माणसाची छाती. बरगड्यांमध्ये पांढरं धुकं साचल्यासारखं दिसत होतं.

"कोणाचा फोटो?"

"उत्तमचा. माह्या मालकाचा." त्या स्टुलाच्या कडेवर बसल्या. "दुसऱ्याच्या वावरात फवारे मारे थो. पाठीवर पंप, तोंडाले नुस्ता रुमाल. छातीत भरलं. दवाखान्यात तीनदा फोटो काढले. डॉक्टर पाहे अन् काई बोले नाई. दिवाळीच्या आधी गेला."

मी म्हटलं, "हे ठेवा ना घरी. मी भंगारातली फिल्म लावते."

"ठेवून काय करू? ट्रंकेत हायेत. रोज ट्रंक उघडली का दिसतेत. त्याचा हसता फोटू हाय भितीवर, थो पुरे मले." मग म्हणाल्या, "थो लय गाये, आपा. म्हनून म्हटलं, डफ होऊ दे. पन चांगलं धुऊन काढा. एक बी हाड नाई दिसलं पाह्यजे."

मी म्हटलं, "नाही दिसणार." हे शब्द मी बोलले. माझ्या दुकानात, माझ्या तोंडानं.

त्याच आठवड्यात, ज्यांच्याविषयी लिहायचं म्हटलं, ते साहेब आले. नाव लिहीत नाही, लिहिलं तर त्यांना आनंदच होईल. पुण्याहून आले होते, खादीचा कुर्ता, खांद्याला झोळी, आणि झोळीत माझ्या अख्ख्या दुकानापेक्षा महाग कॅमेरा. ते वऱ्हाडात 'संवेदना' गोळा करत फिरत होते. हा त्यांचाच शब्द. पुण्यात मोठा कार्यक्रम करायचा होता: वऱ्हाडची माणसं, वऱ्हाडची गाणी, कचऱ्याची वाद्यं. माझं नाव त्यांना अमरावतीत, राजापेठेतल्या एका गाण्याच्या क्लासवाल्याकडून कळलं होतं.

त्यांनी एक लाल डफ उचलला आणि चेहरा पाडला. "हे फारच नवीन दिसतंय हो. रंग खरवडता येईल का?"

"कशाला?"

"बादली दिसली पाहिजे. कंपनीचं नाव वगैरे. लोकांना समजलं पाहिजे ना, हे कशातून आलंय."

"वाजवून बघा. वाजतो कसा ते बघा."

त्यांनी वाजवून बघितलं नाही. एकतीस वर्षांत किती तरी गिऱ्हाइकं पाहिली, पण हातात डफ घेऊन बोट न लावणारा माणूस तो एकच. डफ ठेवून त्यांची नजर भिंतीकडे गेली. उत्तमच्या तीन फिल्मा मी दोरीवर चिमट्यांनी अडकवल्या होत्या, दुसऱ्या दिवशी धुवायच्या म्हणून. मागच्या खिडकीतून ऊन येत होतं.

"हे काय?" म्हणाले. आवाजच बदलला.

आणि मी सांगितलं. इथे मला स्वतःला दोन चपला मारून घ्याव्याशा वाटतात. कोणाच्या, कशानं गेला, त्याची बायको गाते, सगळं सांगितलं. इतका वेळ त्या माणसाला माझ्या कामाचं काही वाटलं नव्हतं. आता तो डोळे मोठे करून ऐकत होता, आणि ते मला आवडलं. दुसरं काही कारण नव्हतं.

"हे धुवू नका," ते म्हणाले. "एक तरी असंच ठेवा. मागून प्रकाश टाकू. ताई, तुम्हाला कल्पना नाही, तुम्ही काय निर्माण केलंय."

मी म्हटलं, "त्यांनी धुवायला सांगितलंय."

"त्यांना नंतर कळेल ना. लोकांपर्यंत पोहोचणं महत्त्वाचं. आणि रंगमंचावर तुमचं नाव असेल. वाद्यकार म्हणून."

वाद्यकार. मला जन्मभर कोणी मिस्त्रीसुद्धा धड म्हटलं नव्हतं.

मी दोन फिल्मा धुतल्या. तिसरी नाही. सुगंधाबाई डफ न्यायला आल्या तेव्हा मी दोन स्वच्छ डफ दिले आणि तिसरा पुढे केला. त्यांनी तो उजेडात धरला.

"हे काय? हाडं दिसून राह्यली."

"तुमची एक फिल्म सोड्यात फाटली," मी म्हटलं. "ही भंगारातली आहे. डाग नीट निघत नाहीत हिचे."

त्यांनी बरगड्यांवरून अंगठा फिरवला. म्हणाल्या, "कोनाचा तरी असनच बिचाऱ्याचा." आणि पिशवीत ठेवला. माझ्यावर शंका घेतली नाही. आजही लिहिताना तेच टोचतं. शंका घेतली असती तर मी कदाचित खरं सांगून टाकलं असतं. कदाचित नसतंही.

साहेबांच्या आमंत्रणावरून सगळं मंडळ पुण्याला गेलं, बरोबर मीही. हॉल थंडगार होता. आठही बायकांना साहेबांनी जुनी लुगडी नेसायला सांगितली. सुगंधाबाईंनी साफ नकार दिला. "लोकाईच्या घरी जाताना कोनी फाटकं नेसते का?" म्हणून सगळ्याजणी पांढऱ्या, इस्त्रीच्या साड्या नेसून आल्या. साहेबांचा चेहरा पुन्हा पडला. तो पडला की मला बरं वाटायचं, पण बोलायची हिंमत मी केव्हाच घालवून बसले होते.

कोणी काय वाजवायचं ते साहेबांनीच ठरवलं. सुगंधाबाई मध्ये, हातात तो डफ, मागे जमिनीवर एक दिवा. पहिलं गाणं सुरेख झालं. विंगेत उभी राहून मी फक्त ठेका ऐकत होते. केसिंगची ढोलकी आणि धुतलेले दोन डफ एका सुरात बोलत होते, आणि त्या मोठ्या हॉलमध्ये माझं काम शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जात होतं.

मग साहेब माइकजवळ आले. हॉलमधले दिवे गेले. मागचा एकच दिवा लागला आणि डफावर उत्तमच्या बरगड्या उजळल्या. साहेब हळू आवाजात म्हणाले, "मित्रहो, या भगिनीच्या हातात जे वाद्य आहे, त्यावर तिच्याच दिवंगत पतीची छाती आहे. विषारी फवाऱ्यानं जळालेली छाती. आज ती त्याच छातीवर थाप मारून गाणार आहे."

सुगंधाबाईंनी आधी साहेबांकडे पाहिलं, मग डफाकडे. त्यांनी डफ सावकाश फिरवून स्वतःसमोर धरला, बराच वेळ पाहिला. मग विंगेत माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. एवढं उत्तर त्यांना पुरलं.

त्यांनी डफ पोटाशी उलटा धरला, वरून पदर घेतला आणि माइककडे तोंड करून म्हणाल्या, "मले सांगतलं का हा भंगारातला हाय. मले मालूम असतं तं म्या आनला नसता. दिवा बंद करा."

दिवा बंद झाला नाही. दिवेवाल्याला वाटलं, हेही कार्यक्रमातलंच आहे.

"दिवा बंद कर म्हन्लं ना!" त्या ओरडल्या. तेव्हा झाला. अंधारात सुगंधाबाईंनी डफाशिवायच गाणं उचललं. मागच्या सात जणी त्यांच्या आवाजामागे गेल्या, ढोलकी मिळाली, गाणं शेवटपर्यंत झालं. पूर्ण गाणंभर त्यांचे दोन्ही हात पदराखाली डफावर होते.

हॉल उभा राहिला. पाच मिनिटं टाळ्या. लोक डोळे पुसत होते. लोकांना ते सगळं बसवलेलं वाटलं! बाहेर एक बाई माझ्याकडे आल्या, गळ्यात मोठमोठे मणी, म्हणाल्या, "तो डफ विकत मिळेल का हो? आमच्या दिवाणखान्यात लावायला." मी त्यांना म्हटलं, "तुमच्या घरात कोणाचा एक्स-रे काढलाय का? आणा, करून देते." त्या पाठमोऱ्या झाल्या. साहेब धावत आले. "काय क्षण होता ताई! दिवा बंद करा! असं कोणी लिहूनसुद्धा देऊ शकणार नाही!" मी त्यांना त्या दिवशी जे बोलले ते संपादक छापणार नाहीत, म्हणून लिहीत नाही. अब्बांनी ऐकलं असतं तर माझं तोंड धुऊन काढलं असतं. पण हे सगळं ऐकून साहेब शांतपणे म्हणाले, "तुमचा राग मी समजू शकतो." अशा माणसाला काही लागत नाही. पुढच्या वर्षी ते कुठल्याशा दुष्काळी तालुक्यात पाण्याच्या 'संवेदना' गोळा करत होते, असं कळलं. त्यांनी चाळीस डफ मागवले होते. मी दिले नाहीत. याचं मोठेपण घेत नाही. मंचावर बोलायला हवं होतं तेव्हा मी विंगेत मान खाली घालून उभी होते.

परतीच्या गाडीत सुगंधाबाई माझ्या डब्यात बसल्या नाहीत. अकोला स्टेशनवर उतरल्यावर मी त्यांना गाठलं. डफ शालीत गुंडाळून काखेत होता.

"सुगंधाबाई, द्या, मी आत्ता धुऊन देते."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काहून केलं, आपा?"

मी म्हटलं, "नाव लागणार होतं माझं."

खोटं बोलायची सोय होती, पण एकदा बोलून झालं होतं. त्यांनी मान हलवली, जणू एखाद्या मालाचा भाव कळला आणि तो घ्यायचा नाही असं ठरलं. "बरं," म्हणाल्या, आणि एसटी स्टँडकडे निघून गेल्या.

मी पाच महिन्यांनी हिवरखेडला गेले. पिशवीत कॉस्टिक सोडा, पाना, एक कोरी स्वच्छ फिल्म. वस्तीत विचारत घर गाठलं. सुगंधाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. बसा म्हणाल्या नाहीत, पण सुनेनं चटई टाकली. भिंतीवर उत्तमचा हसरा फोटो आणि त्याच्याखाली खिळ्याला तो डफ. आरपार स्वच्छ. जरा खरबरीत, पण एकही हाड दिसत नव्हतं.

"म्या धुतला," त्या म्हणाल्या. "धुन्याच्या सोड्यानं. चार दिस लागले. तुमच्यावर भरोसा नव्हता."

मी उठून डफावर बोट मारलं. सूर पार उतरला होता, दोन तारा ढिल्या होत्या. "ताण कमी आहे," मी म्हटलं. "जरा पिळू का?"

त्यांनी हातातली शेंग सोलली आणि म्हणाल्या, "पिळा."

मी दारातल्या उजेडात बसून एकेक तार पान्यानं पिळत गेले. समोरासमोरच्या तारा पाळीपाळीनं, एका बाजूला ओढ बसू नये म्हणून. सूर चढला, थांबले, ऐकलं, पुन्हा चढवला. इतकं मन लावून मी अब्बांसमोरही काम केलं नव्हतं. डफ त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी हात पदराला पुसले, दोन थापा मारल्या. तिसरी मारली. शाबासकी दिली नाही. सुनेला म्हणाल्या, "च्या कर आपाले." चहा झाला, मी एसटीनं परत आले.

त्यानंतर डफ दोनदा दुकानावर आला, एकदा तार तुटली म्हणून, एकदा काठ चिरला म्हणून. दोन्ही वेळा सून घेऊन आली, बसली, दुरुस्त होईस्तोवर माझ्या हातांवरची नजर हलवली नाही. सुगंधाबाई स्वतः पुन्हा कधी आल्या नाहीत.